दुसरा रणगाडा

"कार्ड कुठलं आहे, काका?" नयनने विचारलं आणि विनोदच्या मनातून तो मुलगा तिथेच उतरला.

पोह्यांची बशी अजून नयनच्या हातात होती. त्याची आई नवशी खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती. समोर विनोदची मुलगी दक्षा होती. मुलगी पाहायला आलेला माणूस आपल्याशी काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत होती. आणि हा गृहस्थ विनोदच्या सरावलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे मान वळवून विचारत होता, की आत ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे!

"रेशनचं आहे," विनोद म्हणाला. "दाखवू?"

दक्षाला हसू फुटलं. नवशीला काही कळलं नाही, पण दक्षा हसली म्हणून तीही हसली. नयनने घाईघाईने पोह्यांचा मोठा घास घेतला आणि तो तोंडात असतानाच म्हणाला, "माझ्याकडे मोठं आहे. नवीन. काचेचा कॅबिनेट, लाइटवाला."

"असेल," विनोद म्हणाला.

एवढाच शब्द, पण तो असा म्हटला की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, शांतीने, कपाळावर हात मारला. चाळीस जणांच्या देखत शिवी दिली असती तरी बरं, असं तिला वाटलं असावं.

विनोद डहाणूला एका चिकूच्या वखारीत कारकून होता. माणूस तसा अबोल. वखारीत कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलायचा नाही. पण त्याच्या मनात जे चालायचं ते ऐकू आलं असतं तर वखारीतली निम्मी माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली असती. दर दिवाळीला नवं कार्ड घेणारे, नवं कार्ड घेतलं म्हणून नवा मॉनिटर घेणारे, मॉनिटर घेतला म्हणून खुर्ची बदलणारे आणि एवढं करून संध्याकाळी त्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या खेळाचे व्हिडिओ बघणारे लोक त्याने पाहिले होते. त्यांच्याबद्दल त्याला राग नव्हता. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. त्याला त्यांची फक्त किळस यायची, ताटात अर्धं अन्न टाकून उठणाऱ्याची येते तशी.

त्याचं म्हणणं साधं होतं. चिकू झाडावरून काढला की लगेच कुणी खात नाही. ठेवावा लागतो, मऊ व्हावा लागतो. नव्या खेळांचंही तसंच. आज बाजारात आलेला खेळ आज घेणारा माणूस हिरवा चिकू चावतो आणि मग ओठांना चिकटलेला चीक पुसत बसतो: खेळ मध्येच बंद पडतो, मशीनला झेपत नाही, दुरुस्त्या येताहेत. तोच खेळ पाच-सात वर्षांनी मातीमोल किमतीत मिळतो, सगळ्या दुरुस्त्यांसकट, आणि जुन्या मशीनवर लोण्यासारखा चालतो. तेवढी वर्षं थांबायला काय लागतं? काही नाही. फक्त शेजाऱ्याकडे न बघण्याची सवय लागते.

त्याचा कॉम्प्युटर डहाणू स्टेशनबाहेरचं एक सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा तिथून घेतलेला. महिन्यातून एकदा तो कॅबिनेट उघडायचा, रंगाच्या कोरड्या ब्रशने पंखा झाडायचा, तारा नीट बांधायचा. त्यावर कितीतरी खेळ खेळून झाले होते, पण रविवारी सकाळी एकच खेळ. रणगाड्यांचा. एका पडद्यावर दोन रणगाडे, मध्ये किल्ला, चारी बाजूंनी येणारे शत्रू. दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचं: एकाने डावीकडची अक्षरं, दुसऱ्याने उजवीकडचे बाण. दक्षा शाळेत होती तेव्हापासून डावी बाजू तिची. आता ती डहाणूत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची, पण रविवारची आंघोळ खेळ झाल्यावरच. त्या कीबोर्डवर डावीकडची चार अक्षरं आणि उजवीकडचे चार बाण पार पुसून गेले होते. विनोदला तो कीबोर्ड एखाद्या प्रमाणपत्रासारखा वाटायचा. यंत्र किती महाग हे कुणी सांगू नये, असं त्याचं मत. कीबोर्ड दाखवावा. खेळणाऱ्याची बोटं खोटं बोलत नाहीत.

आणि आता ती डावी बाजू रिकामी होणार होती. हे तो कुणाला सांगत नव्हता. मुलीचं लग्न ठरतंय आणि बापाला रणगाड्याची काळजी, असं ऐकलं तर लोक काय म्हणतील हे त्याला ठाऊक होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्याने स्वतःच ते म्हटलं असतं. पण निदान कुणाकडे जाते ते तरी बघावं? लाइटवाला कॅबिनेट!

"वाईट नाहीत ते," पाहुणे गेल्यावर दक्षा म्हणाली. "घाबरले होते."

"घाबरला की माणूस पाणी मागतो. कार्ड विचारत नाही."

"घर बघून येऊ. मग मी सांगते, हो की नाही."

"तू सांग. मी काय सांगणार?" विनोद म्हणाला आणि घर बघायला जायच्या दिवसाची वाट बघू लागला. त्या घरात हा मुलगा कसला आहे ते दक्षाला आपोआप दिसेल, आपल्याला तोंड उघडायचीही गरज पडणार नाही, अशी त्याची खात्री होती.

त्यांच्या लोकांत मुलाचं घर बघायला उन्हाळा सरत आला की जातात. भात झोडून झाल्यावर कुणाचीही कणगी भरलेली असते, त्यात बघायचं काय? उन्हाळ्याच्या शेवटाला घरात किती भात उरलंय त्यावरून घर कळतं. हे काम घरातल्या वयस्क बाईचं. विनोदची थोरली बहीण जिजा त्यासाठी तलासरीहून मुद्दाम आली. तिने आजवर भाच्यापुतण्यांसाठी अनेक घरं पाहिली होती आणि निम्मी नाकारली होती.

वेवजीला नयनचं घर गावाच्या टोकाला होतं, सारवलेलं अंगण, कौलांवर मधूनमधून नवे पत्रे. घरात मायलेक दोघंच. नयन हद्दीपलीकडे गुजरातेत एका कारखान्यात पाळीने जायचा, शेती नवशी बघायची.

"या, बेसा ने," नवशी खुर्च्या पुढे सरकवत म्हणाली. तिचं अर्धं बोलणं गुजरातीकडे झुकलेलं. "उन्हातडक्यातून आलात. पाणी घ्या."

जिजाने पाणी घेतलं आणि लगेच उठली. "आधी काम, मग चहा." ती आतल्या खोलीत गेली, शेणामातीने लिंपलेल्या कमरेएवढ्या कणगीवर तिने मुठीने ठोकलं, कान लावला, मग बाही वर सारून झाकणाखालून हात खांद्यापर्यंत आत घातला. दक्षा आणि शांती बघत राहिल्या. नवशी दारात, शाळेत निकाल लागताना पोरं उभी राहतात तशी.

विनोदचं लक्ष तिकडे नव्हतं. बाहेरच्या खोलीत, नव्या कोऱ्या मेजपोसावर, ते उभं होतं. काचेचं खोकं, आत जांभळे-हिरवे दिवे, पंखेच पंखे. दुपारच्या वेळी, सारवलेल्या घरात, लग्नाच्या वरातीतला गाडा कुणीतरी आत आणून ठेवावा तसं ते दिसत होतं.

"हे बघा, काका," नयन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बघतोय. लांबूनही दिसतंय."

नयन चालू करायचं बटण शोधू लागला. पुढे बघितलं, बाजूला बघितलं, मग काचेवरून हात फिरवत शेवटी वरच्या बाजूला त्याला ते सापडलं. विनोदने हे पाहिलं आणि त्याला मनातल्या मनात इतका आनंद झाला की तोंड पाडून ठेवायला कष्ट पडले. एवढं घेतलं आणि बटण कुठे ते माहीत नाही! हा माणूस ते चालूही करत नसणार. पूजा करत असणार.

दक्षा येऊन बसली. पडद्यावर एक समुद्रकिनारा उगवला. ऊन, लाटा, ओली वाळू, वाळूत आकाश. कोपऱ्यात यंत्राचा वेग दाखवणारा एक आकडा खालीवर होत होता.

"बघा, पाणी बघा," नयन म्हणाला. "अगदी खरं."

"डहाणूला फुकट आहे," विनोद म्हणाला.

"पुढे काय होतं?" दक्षाने विचारलं.

"पुढे?"

"हा माणूस किनाऱ्यावर उभा आहे. पुढे कुठे जातो?"

नयनने पडद्याकडे पाहिलं, मग त्या आकड्याकडे, मग जमिनीकडे. "पुढेही असंच आहे. पाणी."

विनोद खुर्चीत मागे टेकून बसला. त्याला जे हवं होतं ते आपसूक झालं होतं. पोहे खाताना कार्ड विचारणारा माणूस पहिल्या किनाऱ्याच्या पुढे कधी गेलाच नव्हता. असले लोक खेळत नाहीत, लाटा मोजतात. त्याने दक्षाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. लेकीचा चेहरा उतरलेला बघून बरं वाटावं याची त्याला जराशी लाज वाटली, पण जराशीच.

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली आणि एक तरुण चपला न काढताच उंबऱ्यावर आला. गॉगल डोक्यावर, हातात थर्माकोलचं रिकामं खोकं.

"नयन, झालं का तुझं? संध्याकाळी माणूस बघायला येणाराय."

नयन ताडकन उठला. "उमेश, जरा नंतर..."

"नंतर कसं? त्याला आज दाखवायचंय." उमेशने पाहुण्यांना नमस्कार केला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे नयनकडे बघताहेत. "काय झालं? अरे, तू सांगितलं नाहीस? काका, मशीन माझी आहे. विकायला काढलीय. तुम्हाला घ्यायचीय का? एकदम मस्त कंडिशन."

"मस्त आहे तर विकतोस का?" विनोदने विचारलं.

"पुढचं कार्ड आलंय ना!"

"ह्याच्यावर काय काय खेळलास?"

"खेळलो म्हणजे..." उमेशने गॉगल नाकावर घेतला, पुन्हा डोक्यावर ढकलला. "टेस्टिंग केली. तो बीचचा सीन आहे ना, त्याच्यावर सगळं कळतं."

विनोदने मान डोलावली. त्याला आजवर मनातल्या मनात ज्याचा तिटकारा होता तो माणूस अखेर प्रत्यक्ष समोर उभा होता, आणि तो जावई व्हायला आलेला नव्हता. यामुळे विनोदचा थोडा गोंधळ उडाला. शांती भिंतीकडे बघत होती. नवशीने पदर तोंडावर घेतला होता.

उमेश तारा काढू लागला. नयन त्याला मदतही करेना आणि थांबवेनाही. इतक्यात आतून हसण्याचा आवाज आला. जिजा दारात उभी होती, खांद्यापर्यंत भाताची धूळ, आणि हसता हसता तिला खोकला आला होता.

"उसनं आणलं!" ती म्हणाली. "अगो बाय, उसनं आणलं! माझ्या सासऱ्याने असंच केलं होतं. खाली गवत भरलं, वर शेजाऱ्याचं भात ओतलं. माझी काकी आली, ठोकून बघितलं, भरलेली आहे म्हणाली. लग्न झालं, हळद निघाली नाही तोच शेजारी दारात पोती घेऊन उभा. म्हणून तर मी तळापर्यंत हात घालते."

"आमची कणगी..." नवशी पुढे होऊ लागली.

"तुझी कणगी खरी आहे, बाय. तळापर्यंत भात आहे. तुझ्या पोराने दुसरीच भरली."

"कणगी बघत नाही ही माणसं, कॉम्प्युटर बघतात, असं मला वाटलं," नयन म्हणाला. हे तो जिजाला सांगत होता, पण ऐकवत दक्षाला होता. "ज्याने स्थळ आणलं तो म्हणाला, त्या घरात सगळे खेळतात, मुलगीसुद्धा. मी तिकडे आलो आणि काय बोलावं सुचेना, तर कार्ड विचारलं. मग काका रेशनचं म्हणाले. मग माझ्या तोंडातून निघून गेलं, माझ्याकडे मोठं आहे. मग ते आणावं लागलं."

"खोटं बोललास," विनोद म्हणाला.

"हो."

"आणि तेही ह्या असल्या डबड्यासाठी."

"ओ काका!" उमेश म्हणाला. पण कुणी लक्ष दिलं नाही. त्याने खोकं दोरीने गाडीला बांधलं आणि तो गेला. खड्ड्यात गाडी आपटल्यावर काच वाजली तसं विनोदला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

"मग तुमचं कुठे आहे?" दक्षाने विचारलं.

"काय?"

"तुमचं. तुमच्याकडे काहीच नाही का?"

नयन आत गेला. कणगीच्या मागून त्याने गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढत आणलं आणि मेजपोस काढून टाकून मेजावर ठेवलं. गोणपाट निघाल्यावर विनोद नकळत पुढे झाला. कॅबिनेट त्याच्या घरच्यासारखाच, बहुधा तेवढाच जुना. एका बाजूचं पत्र्याचं झाकण गायब आणि तिथे मच्छरदाणीचा तुकडा सुतळीने बांधलेला. विनोदने तो दूर केला आणि आत डोकावला.

"हे काय आहे?"

"काय?"

"पंख्यात. भाताचं तूस आहे पंख्यात! कणगीमागे ठेवतात का यंत्र? जनावर तरी असं ठेवतं का कुणी? हा पंखा फिरतो म्हणजे तुझं नशीब आहे. ब्रश आण. कोरडा. रंगाचा आहे?"

"दाढीचा आहे."

"दाढीचा! आण."

पुढचा बराच वेळ विनोदने त्या पंख्यातून तूस काढलं आणि नयनचा उद्धार केला. तारा कशा बांधतात, माती आत गेली तर काय होतं, झाकण हरवणारा माणूस कसला असतो. वखारीत वर्षभरात बोलला नसेल तेवढं तो बोलला. नयन "हो काका" म्हणत राहिला. शांती नवशीच्या कानात म्हणाली, "चिडलेत असं वाटेल, पण खरंच चिडले तर बोलत नाहीत."

मग नयनने कीबोर्ड आणून जोडला आणि विनोदने ब्रश खाली ठेवला.

उजवीकडचे चारही बाण पुसलेले होते. नुसते पुसलेले नव्हेत, वरच्या बाणाला मधोमध खळगा पडला होता. डावीकडची अक्षरं मात्र दुकानातून आणल्यासारखी काळीभोर कळांवर पांढरीशुभ्र.

यंत्र हळूहळू जागं झालं. पडद्यावर किल्ला आला, रणगाडे आले. डहाणूचं ते कॅफे बंद होताना मालकाने येईल त्याला हा खेळ देऊन टाकला होता. नयन तेव्हा तिथे आयटीआयला होता.

"ह्यात तर दोघं लागतात," दक्षा म्हणाली.

"दोन रणगाडे घ्यावेच लागतात, एकट्याला खेळ सुरूच होत नाही. मी दुसरा किल्ल्याच्या कोपऱ्यात उभा करून ठेवतो. मरेपर्यंत उभा राहतो बिचारा."

"कुठपर्यंत गेलात असं?"

"नदीच्या पुढे. पुलापर्यंत."

एकट्याने पुलापर्यंत. दोघांनी खेळूनही तो पूल ओलांडायला बापलेकीला किती रविवार लागले होते ते विनोदला आठवत होतं.

दक्षाने खुर्ची ओढली आणि डावीकडे बसली. नयन उजवीकडे, बाणांवर बोटं ठेवून, विनोद दर रविवारी बसायचा बरोबर त्या बाजूला. ते खेळू लागले. सुरुवातीला वाईट खेळले. नयनला बाजूला कुणी असण्याची सवय नव्हती, त्याने दोनदा दक्षाच्याच रणगाड्यावर गोळा टाकला.

"अहो, मी तुमच्या बाजूची आहे!"

"सॉरी, सॉरी."

"उजवीकडे बघ!" विनोद मागून ओरडला. "उजवीकडून येतात! डोळे आहेत की लाटा मोजतोस?"

"बाबा," दक्षा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुम्ही चहा घ्या जा."

विनोद अंगणात आला. जिजा तिथे बशीतून चहा पीत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बशी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "भात चांगलं आहे रे. जाडं, पण चांगलं."

परतीच्या एसटीत शांती आणि जिजा पुढच्या सीटवर बसल्या आणि विनोद-दक्षा मागे. जिजा आज सरावलीलाच मुक्काम करणार होती. तलासरी मागे पडली तशी दक्षा बापाकडे वळली.

"सांगा की, बाबा," दक्षा म्हणाली. "काय वाटलं?"

"खोटारडा आहे."

"एकदाच."

"घाणेरडा आहे. तूस होतं पंख्यात."

"तुम्ही काढलंत ना?"

"झाकण हरवलंय. मित्र असले उपटसुंभ. आणि उजवीकडून शत्रू येतात हे अजून कळत नाही त्याला, इतकी वर्षं खेळून."

"ते मी सांगेन त्याला," दक्षा म्हणाली.

मघापर्यंत ती त्याला अहोजाहो करत होती. विनोदने खिडकीबाहेर पाहिलं. चिकूच्या वाड्या सुरू झाल्या होत्या. त्या संपेपर्यंत तो बाहेरच बघत राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्यासारखा म्हणाला, "डावी बाजू आता तुझ्या आईला शिकवावी म्हणतो."

"आईला? आई कीबोर्डवर चिकू सोलेल."

"ऐकू येतंय मला," शांती मागे न वळता म्हणाली. "मला शिकवायचं असेल तर त्या डबड्यावर जमणार नाही. आधी नवा घ्या. लाइटवाला."